हवामानाच्या आकड्यांवरून समुद्रावरच्या रडार-रेडिओचा पल्ला कसा काढायचा: मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांसाठी सविस्तर क्रम

नांदेड, लातूर, परभणी, संभाजीनगर इथल्या महाविद्यालयांतून भौतिकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी हा विषय प्रकल्पासाठी घेतात. मर्चंट नेव्हीत गेलेली किंवा जाऊ पाहणारी आपल्याकडची मुलंही हेच विचारतात. समुद्र जवळ नसणं ही अडचण नाही, कारण लागणारे सगळे आकडे घरबसल्या मिळतात. अडचण क्रमाची आहे. बहुतेक अहवालांत आधी महिन्याची सरासरी काढलेली असते आणि मग त्या सरासरीवरून लहरींचा मार्ग. तिथेच सगळं हातचं जातं.

हवामानाची दीर्घकालीन माहिती 'आज रडार किती दूर पाहील' हे सांगत नाही. अमुक महिन्यात, अमुक वेळी, पल्ला नेहमीपेक्षा वाढण्याची किंवा घटण्याची शक्यता किती, एवढं ती सांगते. पुढचे सगळे टप्पे त्या एका उत्तरासाठी आहेत.

टप्पा १: प्रश्न कागदावर नेमका करा

संगणक उघडण्याआधी पाच गोष्टी लिहून काढा: कोणती वारंवारता, अँटेना पाण्यापासून किती उंच, लक्ष्य किती उंच, समुद्राचा कोणता तुकडा, आणि कोणता महिना व वेळ.

वारंवारता आधी, कारण तिच्यावर बाकी सगळं ठरतं. जहाजावर साधारणपणे ९.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचं एक्स-बँड रडार असतं, मोठ्या जहाजांवर जोडीला ३ गिगाहर्ट्झचं एस-बँड. बोलण्यासाठी व्हीएचएफ, त्यातलं चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. जहाजाची ओळख सांगणारी एआयएस यंत्रणा १६२ मेगाहर्ट्झच्या दोन्ही बाजूंना चालते. एकाच दिवशी, एकाच हवेत ही चारही यंत्रं वेगवेगळी वागतात.

मग साध्या हवेतला पल्ला काढून ठेवा. तुलना याच्याशीच करायची आहे. अँटेनाच्या उंचीचं वर्गमूळ अधिक लक्ष्याच्या उंचीचं वर्गमूळ (दोन्ही मीटरमध्ये), गुणिले २.२. उत्तर सागरी मैलांत येतं. अँटेना २५ मीटर आणि मासेमारी बोटीचा वरचा भाग ४ मीटर असेल तर २.२ × (५ + २), म्हणजे १५.४ सागरी मैल.

सावधान: हे क्षितिजाचं अंतर आहे. लाकडी किंवा फायबरची लहान बोट त्याच्या कितीतरी आत असूनही लाटांच्या प्रतिध्वनीत हरवू शकते.

सावधान: दूर पल्ल्याचा एचएफ रेडिओ या प्रकल्पात घेऊ नका. त्याच्या लहरी आयनावरणातून परततात. जमिनीजवळच्या आर्द्रतेवरून त्याचा पल्ला काढणं चूक आहे.

टप्पा २: आकडे कुठून घ्यायचे

दोन प्रकारचे आकडे लागतात: उंचीनुसार बदलणारे, आणि पाण्याच्या पृष्ठभागाजवळचे.

उंचीनुसारचे आकडे हवामान खात्याच्या फुग्यांकडून येतात. रेडिओसाँड (वर जाताना तापमान, आर्द्रता, दाब मोजून रेडिओने कळवणारं छोटं यंत्र) बांधलेला फुगा जागतिक वेळेनुसार ०० आणि १२ वाजता सोडतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच आणि सायंकाळी साडेपाच. पश्चिम किनाऱ्यासाठी मुंबईचं सांताक्रूझ (केंद्र क्रमांक ४३००३), गोव्याचं पणजी (४३१९२), आणि भर समुद्राच्या जवळ जायचं तर लक्षद्वीपमधली अमिनी (४३३११) व मिनिकॉय (४३३६९). वायोमिंग विद्यापीठाच्या संग्रहातून हे मोफत उतरवता येतात.

दुसरा मोठा स्रोत म्हणजे युरोपीय हवामान केंद्राची ईआरए-५ ही पुनर्विश्लेषण मालिका, म्हणजे जुन्या नोंदी संगणकीय मॉडेलमध्ये घालून काढलेले सलग आकडे. १९४० पासून, दर तासाला, पाव अंशाच्या जाळीवर. आपल्या अक्षांशांत पाव अंश म्हणजे साधारण २७ किलोमीटर. कोपर्निकस या युरोपीय सेवेच्या संकेतस्थळावर खातं उघडलं की मिळते. मागणी महिन्या-महिन्याच्या तुकड्यांत करा, आणि समुद्राचा हवा तेवढाच चौकोन घ्या. अख्ख्या भारताची मागणी रांगेत अडकते, आणि मध्येच वीज गेली तर सगळं पुन्हा.

एक चूक आपल्या भागात फार दिसते. जवळचा म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा तक्ता घ्यायचा आणि 'भारतीय हवामान' म्हणून तो समुद्राला लावायचा. मे महिन्यातली परभणीची दुपार घ्या: ४२ अंश, आर्द्रता २० टक्के, केंद्रावरचा दाब ९५८ हेक्टोपास्कल. टप्पा ३ आणि ४ मधली सूत्रं लावली तर अपवर्तनीयता (हवा रेडिओलहरीला किती वाकवते ते ठरवणारा आकडा) सुमारे २९८ येते. कोकणच्या समुद्रावर ३० अंश, ७५ टक्के, १००६ हेक्टोपास्कल असेल तर तीच ३८७ येते. जवळपास नव्वदचा फरक म्हणजे दोन वेगळ्या हवा.

मराठवाड्याचे आकडे निरुपयोगी मात्र नाहीत. मार्च ते मे या काळात पठारावर तापून कोरडी झालेली हवा किनाऱ्याकडे सरकली, की ती समुद्रावरून आलेल्या दमट, तुलनेने थंड हवेच्या वर जाऊन बसते. खाली दमट, वर कोरडी, मधे पातळ सांधा: लहरी अडकतात त्या याच रचनेत. म्हणून संभाजीनगरच्या चिकलठाण्याच्या फुग्याचे (४३०१४) आकडे मिळाले तर 'वरची हवा कुठून आली' हे दाखवायला जरूर वापरा. समुद्रावरची हवा म्हणून वापरू नका.

तपासा: निवडलेला बिंदू खरोखर पाण्यात आहे का? ईआरए-५ मधला जमीन-समुद्र मुखवटा (कुठल्या चौकोनात किती जमीन ते सांगणारा रकाना) उतरवा आणि ज्याचं मूल्य शून्य आहे तेच चौकोन ठेवा. रत्नागिरीसमोर १७ अंश उत्तर, ७२.५ अंश पूर्व हा बिंदू किनाऱ्यापासून पुरेसा आत आहे. किनाऱ्याला चिकटलेल्या चौकोनात निम्मी जमीन येते, आणि दुपारचं तापमान उगाच वर जातं.

टप्पा ३: एकक, वेळ, वारा

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण इथे घाई केलेला प्रकल्प पुढे सुधारता येत नाही.

ईआरए-५ मध्ये तापमान केल्व्हिनमध्ये आणि दाब पास्कलमध्ये येतो. बाष्पदाबाचं सूत्र सेल्सिअस मागतं, अपवर्तनीयतेचं सूत्र केल्व्हिन मागतं. तापमानाचे दोन वेगळे रकाने करा आणि त्यांना वेगळी नावं द्या. दाब शंभराने भागून हेक्टोपास्कलमध्ये आणा.

वेळ जागतिक असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले नाहीत तर दुपारचा समुद्री वारा तुमच्या आलेखात सकाळी वाहायला लागतो.

वारा पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशा दोन घटकांत मिळतो. प्रत्येक तासाचा वेग आधी काढा: दोन्ही घटकांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ. सरासरी नंतर. घटकांची सरासरी आधी काढली तर सकाळचा जमिनीवरचा वारा आणि दुपारचा समुद्रावरचा वारा एकमेकांना खाऊन टाकतात, आणि समुद्र शांत होता असा निष्कर्ष निघतो.

आर्द्रतेसाठी शक्यतो दवबिंदूच घ्या. त्यावरून बाष्पदाब थेट निघतो:

बाष्पदाब = ६.११२ × ईएक्सपी [१७.५० × दवबिंदू ÷ (२४१ + दवबिंदू)]

दवबिंदू सेल्सिअसमध्ये, उत्तर हेक्टोपास्कलमध्ये. ईएक्सपी म्हणजे ई (२.७१८) चा कंसातल्या आकड्याएवढा घात. सापेक्ष आर्द्रताच मिळाली असेल तर दवबिंदूच्या जागी तापमान टाका आणि उत्तराला आर्द्रतेच्या टक्क्याने गुणून शंभराने भागा.

तपासा: ३० अंश आणि ७५ टक्क्यांना बाष्पदाब ३१.८ च्या जवळ आला पाहिजे. नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: एन आणि एम काढा

अपवर्तनीयता, म्हणजे एन:

एन = (७७.६ ÷ ता) × (दा + ४८१० × बा ÷ ता)

ता म्हणजे केल्व्हिनमधलं तापमान, दा म्हणजे हवेचा दाब, बा म्हणजे बाष्पदाब. दाब त्या उंचीवरचाच घ्यायचा, समुद्रसपाटीला आणलेला नाही.

मग पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब मिळवलेलं एम:

एम = एन + ०.१५७ × उंची (मीटरमध्ये)

उंची समुद्रसपाटीपासूनची. सामान्य हवेत एम दर किलोमीटरला सुमारे ११८ ने वाढतं. उंची वाढूनही एम घटत असेल, तर त्या थरात लहर पृथ्वीच्या गोलाईपेक्षा जास्त वाकते आणि अडकते.

पाण्यापासून १० मीटरवर ३० अंश, ७५ टक्के, १००६ हेक्टोपास्कल: एन ३८७, एम ३८८. तिथेच ३०० मीटरवर पठारावरची कोरडी हवा, ३२ अंश, ३० टक्के, ९७२ हेक्टोपास्कल: एन ३०४, एम ३५१. एम घटलं. म्हणजे पृष्ठभागापासून ३०० मीटरपर्यंत लहरींसाठी बोगदा तयार झाला. यालाच डक्ट म्हणतात.

टप्पा ५: खरी डक्ट आणि आकड्यांनी बनवलेली डक्ट

प्रत्येक दोन पातळ्यांमधला एनचा उतार काढा. दर किलोमीटरला उणे ४० च्या आसपास असेल तर सामान्य. उणे ७९ ते उणे १५७ मध्ये लहर जास्त वाकते, पल्ला वाढतो. उणे १५७ च्या खाली अडकते. शून्याच्या वर गेला तर लहर वर सुटते आणि पल्ला घटतो. या शेवटच्या शक्यतेकडे विद्यार्थी पाहतच नाहीत, आणि जहाजाच्या सुरक्षेसाठी तीच जास्त वाईट.

आता दोन उलट्या चुका.

पहिली, खूप बारीक थर. फुग्याच्या संदेशात आर्द्रता पूर्ण टक्क्यांत दिलेली असेल तर ३० अंशांना एका टक्क्याने एन सुमारे १.७ ने बदलतो. हा बदल दहा मीटरांत मोजला की उतार दर किलोमीटरला १७० होतो. हवेत काहीच नसताना केवळ पूर्णांक केल्यामुळे डक्ट दिसली! म्हणून ५० मीटरपेक्षा पातळ थर शेजारच्या थरात मिळवा, किंवा तो थर संशयास्पद म्हणून वेगळा नोंदवा.

दुसरी, खूप जाड थर. ईआरए-५ चे दाब-पातळ्यांवरचे आकडे १०००, ९७५, ९५० असे पंचवीसच्या टप्प्याने आहेत, म्हणजे दोन पातळ्यांत दोनशेहून जास्त मीटर. समजा ६० मीटरच्या थरात एन ३० ने घसरला, उतार उणे ५००, पक्की डक्ट. १००० आणि ९५० या पातळ्यांमधलं साधारण ४५० मीटर अंतर घेऊन हिशेब केला तर उतार उणे १०१ येतो. डक्ट गेली, उरली ती थोडीशी वाकलेली लहर.

उपाय आहे. ईआरए-५ चे मूळ १३७ प्रतिमान-पातळ्यांवरचे (मॉडेलच्या स्वतःच्या थरांवरचे) आकडे पृष्ठभागाजवळ बरेच दाट आहेत, ते घ्या. उतरवायला वेळ लागतो. ते जमत नसेल तर याच मालिकेत डक्टच्या तळाची उंची, अडकवणाऱ्या थराचा तळ व माथा आणि त्यातला उतार हे तयार रकाने आहेत. फार थोड्या विद्यार्थ्यांना ते माहीत असतात.

सावधान: डक्ट नसेल त्या तासाला हे रकाने रिकामे येतात. रिकामे तास गाळून सरासरी काढली तर वर्षभर डक्टच डक्ट दिसते. रिकामा तास म्हणजे 'डक्ट नव्हती' अशी नोंद करा.

डक्ट सापडली की ती पाण्यापासून सुरू होते की अधांतरी आहे ते पाहा. अडकवणाऱ्या थराच्या माथ्यावरचा एम पृष्ठभागावरच्या एमपेक्षा कमी असेल तर ती पाण्यापर्यंत पोचते आणि जहाजाला उपयोगी पडते. जास्त असेल तर ती वर तरंगते. अशा वरच्या डक्टचा परिणाम विमानांवर होतो, २५ मीटरवरच्या अँटेनावर सहसा नाही. दोन्ही एकत्र मोजू नका.

आणि सांताक्रूझचा पहाटेचा फुगा जमिनीवरून सुटतो हे लक्षात असू द्या. रात्रभर थंड झालेल्या जमिनीचा उलटा थर (खाली थंड, वर गरम हवा) त्यात दिसतो, तो समुद्रावर असेलच असं नाही. दुपारी दोन ते चारचा समुद्री वारा दोन्ही फुग्यांच्या वेळात सापडत नाही. फुगे आणि ईआरए-५ दोन्ही घ्यायचे ते यासाठी.

टप्पा ६: बाष्पीभवनाची डक्ट वेगळी काढा

पाण्याला टेकलेली हवा जवळजवळ संपृक्त असते, काही मीटरांवर ती कोरडी होते. त्यामुळे समुद्रावर जवळपास सदैव एक पातळ डक्ट असते, बहुधा काही मीटरांपासून चाळीसेक मीटरांपर्यंत. फुगा ती पकडू शकत नाही. तिच्यासाठी पाण्याचं तापमान, हवेचं तापमान, दवबिंदू, वारा आणि दाब या पाच आकड्यांवरून प्रतिमान चालवावं लागतं. पाउलस-जेस्के हे जुनं आणि सोपं प्रतिमान, कोअर अल्गोरिदमवर (समुद्र आणि हवा यांच्यातली उष्णता-बाष्पाची देवाणघेवाण काढणारी पद्धत) आधारलेली नवी जास्त काटेकोर. कोअरचा कोड मोफत मिळतो.

पाण्यालगत संपृक्त बाष्पदाबाच्या ९८ टक्के घ्या, कारण खाऱ्या पाण्यावर तो थोडा कमी असतो.

जाडी मिळाली की एमचा आलेख असा काढतात (हवा आणि पाणी जवळपास एकाच तापमानाचे असतील तेव्हा):

एम = पृष्ठभागाचा एम + ०.१२५ × उंची − ०.१२५ × जाडी × नैसर्गिक लॉग [(उंची + ०.०००१५) ÷ ०.०००१५]

तपासा: हा आलेख सर्वांत खाली जिथे जातो ती उंची आणि तुमची जाडी एकच आली पाहिजे.

सावधान: हवा पाण्यापेक्षा गरम असेल तेव्हा ही प्रतिमानं कधीकधी अवास्तव जाडी देतात. पाउलस यांनी जुन्या पद्धतीत केलेली दुरुस्ती याचसाठी होती, कारण जहाजाच्या तापलेल्या लोखंडामुळे हवेचं तापमान जास्त मोजलं जातं. असे तास वेगळे मोजा आणि अहवालात किती आले ते सांगा.

टप्पा ७: सरासरी सगळ्यात शेवटी

इथेच सगळ्यात जास्त प्रकल्प बिघडतात.

एका दिवशी डक्टचा सांधा १०० ते १६० मीटरवर, दुसऱ्या दिवशी ३०० ते ३६० वर. दोन्ही दिवस डक्ट पक्की. पण दोन दिवसांच्या तापमान-आर्द्रतेची सरासरी काढली की दोन्ही सांधे निम्म्याने बोथट होतात. तीस दिवसांची काढली तर उताराची गुळगुळीत रेघ उरते, आणि अहवालात वाक्य येतं की मार्चमध्ये अरबी समुद्रावर डक्ट आढळत नाही. एकाही दिवशी प्रत्यक्षात नसलेल्या हवेवरून काढलेला हा निष्कर्ष.

योग्य क्रम असा. प्रत्येक तासाचा किंवा प्रत्येक फुग्याचा एन-एम काढा. त्या एका वेळेपुरतं ठरवा: डक्ट आहे का, कुठली, किती जाड. मग महिना आणि वेळ यांच्या गटात मोजा: एकूण वेळांपैकी किती टक्के वेळा डक्ट होती, होती तेव्हा मध्यक जाडी किती. सरासरीपेक्षा मध्यक बरा, कारण एकदोन अवाढव्य डक्ट सरासरी ओढून नेतात.

किती वर्षं घ्यायची? दहाच्या खाली नको. जमल्यास १९९१ ते २०२० हा तीस वर्षांचा मानक काळ घ्या.

टप्पा ८: डक्टवरून पल्ल्याकडे

डक्ट आहे म्हणजे पल्ला वाढला, असं थेट लिहू नका. डक्टची जाडी लहरीला पुरली पाहिजे. ढोबळ मर्यादा अशी: किमान वारंवारता (गिगाहर्ट्झमध्ये) = ३६० ÷ जाडीचा दीड घात. जाडी १० मीटर असेल तर ११.४, १५ असेल तर ६.२, २५ असेल तर २.९.

उलट वाचलं तर एक्स-बँडला सुमारे ११ मीटर, एस-बँडला सुमारे २४ मीटर आणि व्हीएचएफ व एआयएसला सुमारे १७० ते १७५ मीटर जाडी लागते. पंधरा मीटरच्या बाष्पीभवन डक्टमध्ये एक्स-बँड दूर पाहील, त्याच जहाजावरचं एस-बँड जवळपास नेहमीसारखं चालेल, आणि व्हीएचएफला काही कळणारही नाही. ही धारदार सीमा नाही, तिच्या आसपास हळूहळू फरक पडतो. अँटेना डक्टच्या वर असेल तर पुरेपूर फायदा मिळत नाही.

नेमका पल्ला डेसिबलमध्ये हवा असेल तर पॅराबोलिक समीकरण (लहर हवेतून कशी पुढे जाते ते सांगणारं समीकरण) सोडवणारी साधनं वापरा. पीईटूल हे मॅटलॅबमधलं खुलं साधन विद्यार्थ्यांना पुरतं. त्यात एमचा आलेख एकेका वेळेचा टाका, सरासरीचा नाही.

वाढलेल्या पल्ल्याचे तोटेही अहवालात आले पाहिजेत. डक्टच्या वर रडारला काही न दिसणारी आंधळी पोकळी तयार होऊ शकते. लाटांचा प्रतिध्वनी दूरवरून येतो. आणि भलत्या जागी दिसणारं लक्ष्य: रडार सेकंदाला १००० स्पंद सोडत असेल तर त्याचं निःसंदिग्ध अंतर (पुढचा स्पंद सुटण्याआधी प्रतिध्वनी परतू शकेल इतकं) १५० किलोमीटर, म्हणजे ८१ सागरी मैल. ९० मैलांवरच्या बेटाचा प्रतिध्वनी पडद्यावर ९ मैलांवर दिसेल. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या किनाऱ्यावरच्या रडारला उन्हाळ्यात हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानचे प्रतिध्वनी येत, ते याच डक्टमुळे.

जून ते सप्टेंबरसाठी प्रश्नच बदला. तेव्हा कोकणच्या समुद्रावर दमट हवा खोलवर मिसळलेली असते, म्हणून वर कोरडी-खाली दमट अशी फोड कमी दिसते. रडारला मारतो तो पाऊस. ताशी ५० मिलिमीटर पावसात एक्स-बँडची लहर एका दिशेने दर किलोमीटरला सव्वा ते दीड डेसिबल गमावते, येताना पुन्हा तेवढीच. एस-बँडला तोच पाऊस काही शतांश डेसिबलचा. जुलैच्या प्रकरणात पाऊसमान आणि लाटांची उंची घ्या.

टप्पा ९: पडताळणी

अहवाल देण्याआधी निष्कर्ष एखाद्या स्वतंत्र नोंदीशी जुळवा. किनाऱ्यावरच्या एआयएस ग्राहकाच्या नोंदी मिळाल्या तर उत्तम, कारण प्रत्येक संदेशात जहाजाचं स्थान असतं. ग्राहक ३० मीटरवर आणि जहाजाची अँटेना २५ मीटरवर असेल तर साध्या हवेत २३ सागरी मैल. त्याच ग्राहकाला मार्चच्या संध्याकाळी शंभर मैलांवरची जहाजं ऐकू आली आणि तुमच्या तक्त्यात त्या तासाला जाड डक्ट असेल, तर काम बरोबर चाललंय.

सावधान: अनेक संकेतस्थळं उपग्रहाने टिपलेले संदेशही त्याच नकाशावर दाखवतात. ते वेगळे करता येत नसतील तर ती नोंद पडताळणीला घेऊ नका. आणि बाष्पीभवन डक्टची पडताळणी एआयएसवर होत नाही. तिला एक्स-बँडची नोंद किंवा पाण्याजवळ वेगवेगळ्या उंचींवर घेतलेली तापमान-आर्द्रतेची मोजणी लागते. अशी नोंद हाती नसेल तर प्रकल्पाच्या मर्यादेत तसं स्पष्ट लिहा, आणि तक्त्यातल्या प्रत्येक टक्क्याशेजारी तो एकूण किती वेळांवरून काढला ती संख्या द्या.